पायाळू किसनच्या लाथा

आमच्या अंगणात किश्शांचं पोतं सुटलं, ते बरोबर सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. तेव्हा माझा किसन जन्मला. आधी पाय, मग डोकं! पायाळूची लाथ लागली की कमरेतली उसण जाते, हे आमच्या म्हसवडकडे सगळ्यांना ठाऊक. माणसाची जाते, तर बैलाची का नाही?

मी डोळे मिटते न मिटते तोच बाहेरून आवाज, "आक्का, बैल लचकलाय! पोराचा पाय कवा मिळंल?"

सासूबाई म्हणाल्या, "आरं, अजून नाळ बी सुकली न्हाई त्येची!"

"मग सुकंस्तवर बसतो की!" आणि गडी खरंच बसला!

सव्वा महिना सरला आणि रांगच लागली. सासूबाई किसनला उचलून त्याचा पाय जनावराच्या पाठीला लावायच्या. मी दाराआड जीव मुठीत धरून उभी.

"आत्याबाई, शेपटीकडनं तरी जावा!" मी सासूबाईंना विनवायची.

"तिकडनं लाथ मारतंय गं."

"आन् म्होरनं?"

"म्होरनं शिंग!"

शेवटी मधोमध ठरलं.

गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर सायकलवरून यायचे. मला वाटलं, शिकलेला माणूस, हे थांबवील. त्यांनी एका म्हशीचा पाय तपासला, लेप लावला, आठवडाभर बांधून ठेवायला सांगितलं. मालकाने विचारलं, "आन् पोराची लाथ?"

"लेप वाळल्यावर," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर पोराचा पाय भरेल!"

म्हैस बरी झाली. मालकाने डॉक्टरांना नारळ दिला आणि किसनला सुपारी. एकही दात नसलेल्या पोराला!

एकदा एक धनगर अख्खा कळपच घेऊन आला. सासूबाईंनी विचारलं, "लचकलंय कोण ह्यात?"

"कुणीच न्हाई. पर म्होरं घाट हाय!"

हसायचे सगळे, पण मला झोप नव्हती. वर्ष उलटून गेलं तरी किसन चालेना! त्याचे वडील पलटणीत, लढाईवर. परत आल्यावर त्यांनी पोर चालताना बघायचं, की बैलावर? शेवटी धीर करून डॉक्टरांना विचारलं, "आवं, पायात काय खोट तर न्हाई ना?"

"मी गुरांचा डॉक्टर आहे, बाई."

"त्येचं बी गिऱ्हाईक गुरंच हायती की!"

ते हसले. वासराचे बघावेत तसे त्याचे गुडघे, खुबे चाचपले. "वासरू धडधाकट आहे. पण ह्याचा पाय कधी भुईला लागलाय का? कडेवर, नाहीतर बैलावर! खाली सोडा."

सोडला. डॉक्टर गाईचा खूर बघायला वाकले. किसन खांब धरून उठला. खांब सुटला. एक पाऊल, दुसरं, तिसरं... आणि थेट डॉक्टरांच्या कमरेत लाथ! लाथ मारून स्वतःच धपकन बसला.

"चालला! आत्याबाई, चालला वो!" मी ओरडले.

डॉक्टर हलेनात. मग हळूच सरळ झाले, कमरेवर हात ठेवला, डावीकडे वळले, उजवीकडे वळले.

"कमाल आहे! परवापासून धरली होती!"

तेव्हा आमच्याकडे निघालेलं कुणी वाटेत भेटलं, तर एवढं सांगा. जनावर आणा, नका आणू, पण आमच्या अंगणात वाकू नका. पोरगं आता आपल्या पायांनी येतंय!