स्टोअर-घरचा माल

सून पुण्याला एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी खात्यात आहे. परवा आली तेव्हा सांगत होती, आता कुठला माल किती मागवायचा, कुणाकडून मागवायचा, कोण उशीर करणार, हे सगळं एआय सांगतं आणि माणूस खाली सही करतो. तिला वाटलं, म्हातारा तोंडात बोट घालून बसेल. मी म्हटलं, असल्याच एका यंत्रानं तुझ्या सासूचं काम काढून घेतलं होतं, तेव्हा तू शाळेतसुद्धा जात नसशील. तिला खरं वाटेना. म्हणाली, बाबा, हे लिहून काढा.

तिची सासू, म्हणजे माझी बायको, जाऊन दोन वर्षं होत आली. तिच्याबद्दल मी कुणाशी बोलत नाही. बोललं की लोक तोंड बारीक करून बसतात, आणि मला ते आवडत नाही. लिहिताना समोर कुणी नसतं, ते बरं. माझी शाळा चौथीपर्यंत. चुका काढायच्या तर सुनेकडं काढा, तिनंच लिहायला बसवलंय.

मी उंब्रजकडचा, बायको शिराळ्याकडची. नव्वदच्या पुढची ती वर्षं. सांगलीच्या एमआयडीसीत पंप करणाऱ्या एका कारखान्यात मी स्टोअरला होतो. स्टोअर म्हणजे कोठार. नटबोल्टापासून ग्रीसच्या डब्यापर्यंत सगळा माल आमच्याकडं यायचा आणि आमच्याकडनं आत जायचा. मी माल उतरून घ्यायचो, मोजायचो, रचायचो. लिहायचं काम क्लार्कचं. तो माझ्याच वयाचा, डबा एकत्र खाणारा.

ओतकामाच्या भट्टीवर माणसांना जाड हातमोजे लागायचे. ते आमच्या घरातनं जायचे. इचलकरंजीच्या जाड कापडाच्या चिंध्या आणायच्या, दुहेरी कापायच्या आणि पायाच्या मशीनवर शिवायच्या. बायको आणि शेजारच्या दोघी. त्या दोघींतली एक नवऱ्यानं टाकलेली होती, तिचं घर ह्या मोज्यांवरच चालायचं. दर बुधवारी सायकलच्या कॅरेजला गठ्ठा बांधून मीच कामाला जाताना घेऊन जायचो. अशी कैक वर्षं गेली. कुणी कधी विचारलं न्हाई, हा माल कुणाचा. सगळ्यांना ठाऊक.

मग मालकांनी कॉम्प्युटर आणला. आमच्यात तेव्हा चार नट कमी पडले म्हणून पंप अडायचा, आणि जे नको त्याची पोती सडत पडायची. मालक वैतागले होते. त्यांचा एक कारखाना साताऱ्यालाही होता, तिथंही तेच रडगाणं. पुण्याचा एक तरुण इंजिनिअर त्यांनी धरला. तो काही दिवस साताऱ्याला असायचा, काही दिवस आमच्याकडं. त्यानं नुसता हिशेबाचा कॉम्प्युटर न्हाई दिला. म्हणाला, हा प्रोग्राम मागची आवक बघून आपापला शिकतो. कोण वेळेवर देतं, कोण चुकवतं, कुठला माल कधी संपतो, ते त्याला कळतं. महिन्याच्या शेवटी तोच सांगणार, कुणाला किती मागणी द्यायची.

स्टोअरच्या बाजूच्या खोलीला काच लागली, थंड हवेचं मशीन बसलं. आत जायचं तर चपला बाहेर. मला त्याचं लय कुतूहल. जेवणाच्या सुट्टीत मी काचेला नाक लावून उभा राहायचो. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं पळायची. हे शिकतं म्हणजे काय करतं? माणूस शिकतो तो मार खाऊन नाहीतर लाज वाटून. ह्याला कोण मारणार? इंजिनिअरला विचारलं तर तो हसला न्हाई, ते मला आवडलं. म्हणाला, चुकलं की आपला अंदाज थोडा बदलतं, परत चुकलं की परत बदलतं, एवढंच. मी म्हटलं, म्हणजे माझ्यापेक्षा बरं हाय. मी चुकलो की आवाज चढवतो.

घरी जाऊन मी हे सगळं बायकोला सांगायचो. तिला माझ्याहून जास्त सोस. ते झोपतं का, त्याला वास येतो का, लाईट गेली की इसरतं का. मला उत्तरं यायची न्हाईत. ती म्हणायची, "रोज काचंला नाक लावता आन एवढंबी इचारत न्हाई व्हय?"

पहिले दोन-तीन महिने तिची मागणी होती तेवढी राहिली. मग घटली. मग एका महिन्यात कागद निघाला त्यात हातमोज्याची सगळी मागणी मार्केट यार्डाजवळच्या एका दुकानदाराला. आमच्या पुढं शून्य.

मी क्लार्कला म्हटलं, काहीतरी चुकलंय. त्यानं इंजिनिअरला गाठलं. इंजिनिअरनं बघितलं आणि सांगितलं, यंत्र बरोबर आहे. हा पुरवठादार प्रत्येक वेळेला उशीर करतो.

त्या दिवशी सायकल घराकडं वळवायला जिवावर आलं. घरात तिघी मशीनवर बसलेल्या, पुढच्या महिन्याचं कापड आधीच कापून ठेवलेलं. मी सरळ सांगितलं. मला गोड करून सांगता येत न्हाई. ती टाकलेली बाई कात्रीला लागलेलं सूत काढत बसली. बायकोनं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"उशीर? मी?"

"यंत्र म्हणतंय."

"मंग मला त्याच्यासमोर न्या."

दुसऱ्या दिवशी ती आली. लग्नाकार्याला नेसायचं लुगडं नेसून, हातात मोज्यांची एक जोडी घेऊन. काचेच्या खोलीबाहेर तिनं चपला काढल्या आणि देवळात शिरताना बघतो तसं एकदा त्यांच्याकडं मागं वळून बघितलं. आत गारठा होता. तिनं पदर अंगाभोवती घेतला आणि मोज्यांची जोडी पडद्यासमोर धरली. इंजिनिअरला म्हणाली, बघून घे म्हणावं, शिवण कशी हाय ती. दुकानातला मोजा चार दिवसांत अंगठ्यात फाटतो.

इंजिनिअर ओशाळला. म्हणाला, "काकू, त्याला शिवण दिसत नाही. त्याला फक्त तारीख आणि नग दिसतात."

"बोट घालून बघत न्हाई?"

"नाही."

"मंग लय शिकायचंय अजून त्याला," ती म्हणाली. पण रागानं न्हाई. खरंच नवल वाटल्यागत. मग म्हणाली, बरं, तारीख तर तारीख, काय तारीख दिसतीय ती सांग.

त्यानं एकेक ओळ वाचून दाखवली. माल यायचा वार बुधवार. आला शनिवारी. पुढचा, बुधवार, आला शनिवारी. त्याच्या पुढचाही तसाच. सगळ्या ओळी एकसारख्या.

ती म्हणाली, "बुधवारी सकाळी गठ्ठा मी ह्यांच्या सायकलला बांधते. गाठ मी मारते. मंग शनिवारपतुर माल होता कुठं?"

मी क्लार्ककडं बघितलं. क्लार्कनं वर पंख्याकडं बघितल्यासारखं केलं. खोलीत पंखा नव्हता.

झालं होतं असं. दुकानदाराचा टेम्पो गेटवर यायचा, वॉचमन शिक्का मारायचा, चिठ्ठी आत यायची, त्याच दिवशी तारीख पडायची. आमचा गठ्ठा सायकलवरनं थेट आत. क्लार्क म्हणायचा, वैनींचा माल हाय, पळून जातोय व्हय, शनिवारी निवांत लिहू. मलाही ते बरं वाटायचं, घरचं माणूस असल्यासारखं. भट्टीवाले तर लिहायच्या आधीच गठ्ठ्यातनं मोजे घेऊन जायचे. कुणी परका असता तर त्याच दिवशी लिहिलं असतं. घरचा म्हणून मागं ठेवला. कॉम्प्युटरात पुरवठादाराच्या जागी क्लार्कनं इंग्रजी अक्षरांत घातलं होतं, स्टोअर-घरचा.

क्लार्कला वाईट वाटलं. तो लगेच म्हणाला, काळजी करू नका वैनी, मागच्या सगळ्या तारखा बुधवारच्या करून टाकतो, तासाभराचं काम. बुधवारी माल आला होता हे तर खरंच हाय.

ती मान हलवायला लागली. "न्हाई. तुमी शनिवारी लिवलं ते लिवलं. आता मागनं हात घातला की ते शिकंल, मागनं हात घालता येतो. मंग उद्या दुकानदार घालंल, परवा आणिक कोण घालंल. त्याला खोटं शिकवू नका."

इंजिनिअर खुर्चीत मागं टेकला. तो मालकाचा माणूस, त्याला ह्याच्यात पडायचं काही कारण नव्हतं. तरी म्हणाला, काकू, एक करता येईल. स्टोअर-घरचा हा काही खरा पुरवठादार नाही. माल तुम्ही देता. तुमच्या नावानं नवीन खातं उघडूया. पण ते तुम्हाला ओळखणार नाही. नवीन माणूस समजून थोडीशीच मागणी देईल. पुढचं तुमच्यावर.

"नव्या माणसावर एकदम भरवसा टाकत न्हाई?"

"नाही."

"शहाणं हाय," ती म्हणाली.

त्यानं नाव विचारलं. तिनं सांगितलं. मग त्यानं विचारलं, पूर्ण नाव काय, मिस्टरांचं नाव? ती माझ्याकडं बघायला लागली. पुण्याच्या त्या पोराला ध्यानातच येईना, नवऱ्याचं नाव बायकोनं तोंडानं कसं घ्यायचं. क्लार्कला मात्र चेव आला. म्हणाला, घ्या वैनी, उखाणा घ्या, आज यंत्राला पण ऐकू दे.

ती म्हणाली, "त्यांचं नाव कशाला? मोजे मी शिवते."

इंजिनिअरनं तिचं एकटीचं नाव घातलं आणि खाली आमच्या चाळीचा पत्ता. पडद्यावर हिरवं नाव उमटलं. तिला इंग्रजी वाचता यायचं न्हाई. तिनं विचारलं, ह्यातलं माझं कुठलं? त्यानं बोट ठेवून दाखवलं. पडद्याच्या काचेला हात लागणार न्हाई अशा बेतानं तिनं तिथं बघितलं.

महिनाअखेरीला कागद निघाला. तिच्या नावावर एका गठ्ठ्याची मागणी. बाकी सगळं दुकानदाराला. तिघींना जेमतेम आठवडाभराचं काम ते. टाकलेली बाई म्हणाली, एवढ्यावर काय भागतंय, मी हळद निवडायला जाते. बायको म्हणाली, ह्या एका खेपेपुरती थांब. एक गठ्ठा हाय, पण तो आपण गेटातनं नेऊ.

बुधवारी मी रिकामी सायकल घेऊन कामावर गेलो. कॅरेज हलकं लागत होतं. तासाभरानं गेटवर दुकानदाराचा टेम्पो आला, त्याच्या मागं ग्रीसवाला, आणि त्याच्या मागं डोक्यावर गठ्ठा घेऊन ती. वॉचमन आमच्या घरी कैकदा जेवलेला. तो म्हणाला, वैनी, तुमी कशाला थांबता, जावा की आत. ती म्हणाली, शिक्का मार. त्यानं मारला.

आमच्या स्टोअरची रीत अशी होती. गेटवरनं चिठ्ठ्या आत यायच्या, मी दारात उभा राहून चिठ्ठीवरचं नाव मोठ्यानं पुकारायचो, आणि ज्याचं नाव तो माल घेऊन आत यायचा. नाव पुकारल्याशिवाय क्लार्क लिहायला घ्यायचा न्हाई, मालाची अदलाबदल होऊ नये म्हणून. दुकानदाराचं नाव पुकारलं. ग्रीसवाल्याचं पुकारलं. मग तिची चिठ्ठी हातात आली.

आमच्याकडं बायको जशी नवऱ्याचं नाव घेत न्हाई तसा नवराही बायकोचं घेत न्हाई. अगं म्हणायचं, नाहीतर पोराची आई म्हणायचं. लग्नात दारात अडवलं तेव्हा एकदा घेतलं होतं, तेही पुटपुटत. त्याला वीस वर्षं झाली असतील. मी चिठ्ठी उलटी केली, सुलटी केली. म्हटलं, पुढचा या.

क्लार्क आतनं म्हणाला, "पुढचा कोण? नावानं हाक मार, गड्या. न्हाईतर मी लिवणार न्हाई. तारीख जाईल."

तो थट्टाच करत होता, पण खोटं बोलत नव्हता. टेम्पोवाले थांबून बघायला लागले. भट्टीवरचे दोघे-तिघे दारात आले. ती उन्हात उभी, डोक्यावर गठ्ठा, एक हात गठ्ठ्याला आणि एक कमरेवर. हसू दाबलेलं लांबनं दिसत होतं.

मी नाव घेतलं.

ती जागची हलली न्हाई. "ऐकू आलं न्हाई," म्हणाली.

मग मी मोठ्यानं घेतलं. भट्टीपर्यंत गेलं असेल. ती आली, गठ्ठा माझ्या पायाशी टाकला आणि परक्याला सांगावं तसं म्हणाली, मोजून घ्या. मी मोजले. क्लार्कनं त्याच दिवसाची तारीख घातली आणि पावती तिच्या हातात दिली. ती तिनं घडी करून कनवटीला लावली.

पुढच्या महिन्यात दोन गठ्ठ्यांची मागणी आली. मग आणखी वाढली. दुकानदाराचं पूर्ण कधी गेलं न्हाई, पण वर्षाच्या आत आमचं पहिल्याएवढं झालं. टाकलेली बाई हळद निवडायला गेली न्हाई. महिनाअखेरीला मी घरात पाऊल टाकायच्या आधी बायको विचारायची, काय म्हणतंय ते? जसं काय गावाकडचा कुणी पाहुणा.

मी कामावर होतो तोपर्यंत माल गेटातनंच आला. घरात अगंच राहिलं. पण दर बुधवारी स्टोअरच्या दारातनं मी तिला नावानं हाक मारली, आणि दर बुधवारी पहिली हाक तिला ऐकू आली न्हाई.