शटरपर्यंत दोन बॅटऱ्या

किस्से गोळा करावे लागत नाहीत. घरात एक हट्टी म्हातारा आणि एक नवीन मशीन ठेवा, बाकी आपोआप होतं. तंजावूरच्या आमच्या घरातला म्हातारा म्हणजे माझे अप्पा, कालवा खात्यातले रिटायर्ड ओव्हरसियर. मशीन म्हणजे पोर्टेबल ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, खांद्याला अडकवायच्या पिशवीएवढं. फुप्फुसं थकल्यापासून दोन वर्षं अप्पा घराबाहेर पडले नव्हते. मशीन आलं त्याच दिवशी म्हणाले, "यंदा कावेरीचं पाणी येईल तेव्हा आपल्या कालव्याचं शटर मी उघडणार." मी म्हटलं, आधी बाथरूमपर्यंत जाऊन दाखवा. दोन दिवस माझ्याशी अबोला.

*

शेजारच्या कमलामामी मशीन बघायला आल्या. "ह्यात सिलिंडर कुठंय?"

अप्पांनी समजावलं, सिलिंडर नसतो, हे आजूबाजूची हवा ओढतं आणि त्यातला ऑक्सिजन वेगळा काढून देतं.

मामींनी वाकून मशीनची जाळी न्याहाळली. मग म्हणाल्या, "आजूबाजूची म्हणजे आमची पण?"

आजतागायत त्यांची आमच्या बाजूची खिडकी बंद आहे. सांगून पाहिलं, ऐकत नाहीत.

*

डॉक्टरांनी मशीन दोनवर ठेवायला सांगितलं आणि बोटाला लावायला ऑक्सिमीटर दिला. मी आपला सारखा मशीनचा डिस्प्ले तपासत होतो.

"तिकडे काय बघतोस?" अप्पा करवादले. "शटरपाशी पाणी सगळ्यांनाच दिसतं रे. टोकाच्या शेतात पोचलं का, ते बघायचं असतं." आणि ऑक्सिमीटर लावलेलं बोट माझ्यापुढे धरलं.

डॉक्टर आता हे वाक्य दुसऱ्या पेशंटना सांगतात. स्वतःचंच असल्यासारखं सांगतात, ते मला अजिबात आवडलेलं नाही.

*

मशीनजवळ आग चालत नाही. पण सकाळची कॉफी स्वतः केल्याशिवाय अप्पांचा दिवस उजाडत नाही. नाकात नळी, खांद्याला मशीन आणि स्वारी निघाली गॅसकडे! अम्मा सांगून सांगून थकली. एका सकाळी तिनं दारातलं कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, उरकलं आणि उरलेल्या पिठानं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर लांबलचक रेघ ओढली. "ही ओलांडलीत तर उद्यापासून कॉफी बंद."

अख्ख्या नोकरीत ज्यानं साहेबांचं ऐकलं नाही, तो माणूस रेघेअलीकडे स्टूल टाकून बसला. तिथून "पावडर कमी पडली" म्हणून ओरडतो, पण रेघ ओलांडत नाही.

*

शटरची गोष्ट निघाल्यावर डॉक्टरांनी अट घातली. गल्लीच्या टोकाच्या पिळ्ळैयार कोविलपर्यंत, म्हणजे गणपतीच्या देवळापर्यंत, चालत जाऊन या, बोटावरचा आकडा नव्वदच्या खाली जाता कामा नये, मग बोलू.

अप्पा रोज एक घर पुढे जायचे. अख्खी गल्ली ओट्यावर बसून बघायची. सहाव्या घरापाशी कुणीतरी न सांगता खुर्ची आणून ठेवली. अप्पा बसले, धापा टाकत म्हणाले, "तुम्ही ठेवलीत म्हणून बसलो. दमलो म्हणून नव्हे."

कोविल गाठलं त्या दिवशी मी ऑफिसात होतो. कमलामामींनी फोन केला, पण त्यांना रडू आवरेना, म्हणून नीटसं कळलंच नाही. कळलं तेव्हा मीही टॉयलेटमध्ये जाऊन रडून घेतलं. आपला बाप आहे, लाजायचं काय?

*

पाणी आलं त्या दिवशी आम्ही तिघं ऑटोनं कालव्यावर गेलो. एक बॅटरी मशीनमध्ये, दुसरी अम्माच्या पिशवीत. गावातल्या बायका फुलं आणि धान्य घेऊन काठावर उभ्या. अप्पांच्या हाताखाली तयार झालेला, शटरं सांभाळणारा लस्कर मुरुगेसन वेष्टीचा सोगा सावरत पुढे आला, "सार, चाक तुमचं."

अप्पांनी एक फेरा दिला. दुसरा दिला. अम्मानं त्यांचं बोट धरून आकडा पाहिला, नव्वदच्या खाली गेला होता, आणि तेच बोट त्यांच्यासमोर धरलं. अप्पांनी हात काढला. शटर जेमतेम वीतभर उठलं होतं. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस पुन्हा घराबाहेर पडणार नाही.

मुरुगेसन चाकाकडे सरकला. अप्पांनी त्याला हातानंच थांबवलं आणि अम्माकडे बघितलं. चाळीस वर्षं तिनं ह्या कालव्यासाठी डबे भरले होते, कालवा पाहत होती पहिल्यांदाच.

"ये," अप्पा म्हणाले.

अम्मानं पिशवी माझ्याकडे दिली, पदर खोचला आणि चाक फिरवायला लागली. पाणी उसळून पलीकडे पडलं. बायकांनी फुलं टाकली.

"हळू, हळू," अप्पा मागून बोलायला लागले. "एकदम सोडू नकोस."

अम्मानं मान वळवली नाही. म्हणाली, "तुम्ही श्वास घ्या. पाण्याचं मी बघते."