बुलबुलाच्या पोटातला मोह

अन्याय झाला बुधीमावशी मेंगाळवर. २००७ साली, गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, शहापूरच्या आमच्या ऑफिसात. पाखरांवरच्या प्रोजेक्टच्या सरांनी लॅबचा रिपोर्ट टेबलावर आपटला. "सगळी सॅम्पल्स खराब! त्या बाईचं काम उद्यापासून बंद करा."

मावशी मुरबाडकडच्या ठाकरवाडीतली. वनखात्याच्या परवानगीने बुलबुल धरायची, स्वच्छ पिशवीत ठेवायची. विष्ठा पडली की पाखरू सोडायची. ती विष्ठा मी ट्यूबमध्ये भरायचे. लॅब त्यातल्या जीवाणूंचा डीएनए काढते, एका ठरावीक जनुकातली अक्षरं क्रमाने वाचते. हे सिक्वेन्सिंग. त्यावरून पाखराच्या पोटात कोणते जीवाणू राहतात ते कळतं.

या वेळी फुलं-फळं आंबवणारे जीवाणू निघाले. ढिगाने.

"वाडीत मोहाची दारू गाळतात. तिच्या हाताला लागलेलं सॅम्पलमध्ये आलं," सर म्हणाले.

"सर, तिचे हात पाहिलेत कधी?"

"पाहायचं काय त्यात?"

मी तडक वाडीवर गेले, सरांचं म्हणणं सांगितलं. मावशी हसलीच. "राखेनं हात धुतल्याबिगर मी पाखराला शिवतंय का, बाय? आन् बुलबुल मोहाची फुलं खातो, ह्या तुज्या सायबाला कुनी सांगला नाय?"

तिला राखेने हात धुताना मी रोज बघत होते. सॅम्पलच्या फॉर्मात रकाना नाही म्हणून कधी लिहिलं नाही. तेवढा अन्याय माझाही.

मग हट्टाला पेटले. मावशीच्या हातांवरून कापूस फिरवून घेतला, रिकाम्या पिशवीतूनही. वाडीतल्या मोहाखालचे बुलबुल पुन्हा धरले. सापगावला जिथे आसपास मोह नाही, तिथलेही धरले. धरणारी मावशीच. हात तेच, पाखरं वेगळी.

रिपोर्ट आला. हातांवर कातडीवरचे नेहमीचे जीवाणू. पिशवी स्वच्छ. सापगावच्या पाखरांत आंबवणारे नाहीत. मोहाखालच्या पाखरांत पुन्हा तेच, ढिगाने.

"इंटरेस्टिंग," सर म्हणाले.

"इंटरेस्टिंग नाही, सर. माफी."

ते वाडीवर आले, हे मान्य करते. माफी मागितली. मावशीने पिशवी पुढे केली. "धरा सायब. पर आदी हात धुवा. राख तथं हाय."

छापील अहवालात मोहाचा शोध बुधी मेंगाळच्या नावावर आहे. फॉर्मात हात धुण्याचा रकानाही आहे. दोन्हींसाठी भांडले, अभिमानाने सांगते.

आता तुम्ही. पाखरांवरचा कुठलाही अहवाल हातात आला, तर आधी विचारा, पाखरू धरलं कुणी? नाव नसेल तर परत पाठवा.