जॉर्जियाच्या कावळ्याला दिलेला शब्द

परदेशात मी एका मयत माणसापुढे वाढून ठेवलेलं ताट जेवले, आणि जेवण बरं होतं. मीठ जरा कमी वाटलं.

मी चौसाळ्याच्या किराणा दुकानदाराची मुलगी. जॉर्जिया नावाच्या देशात डॉक्टरकी शिकते. (गावातल्या निम्म्या लोकांना वाटतं मी अमेरिकेत आहे. आम्ही तो गैरसमज दूर करायची घाई केलेली नाही.) मला डॉक्टर व्हायचंय, अगदी मनापासून व्हायचंय. आईला मात्र हे सगळं पहिल्यापासून नामंजूर. माजलगावचं एक स्थळ तिनं हेरून ठेवलं होतं: बागायती ऊस, दारात ट्रॅक्टर, मुलगा सुपारीसुद्धा खात नाही! विमानतळावर बाकीच्यांच्या आया रडत होत्या, माझी आई अट घालत होती.

"काई बी उलटंसुलटं कानावर आलं, नंदे, की पैल्या इमानानं घरी. मंग सांगितलं न्हाई म्हणू नको."

त्या दिवसापासून मी उलटंसुलटं काही केलं नाही. सहलीला गेले, एवढंच.

वर्गातली सगळी मिळून डोंगरावरचं एक जुनं चर्च बघायला निघालो होतो. गाडी खाली थांबली, वर पायवाट. मी फोटो काढत रेंगाळले, आणि माझ्यामुळे आणखी दोघं मागं राहिली. एक माझा चुलतभाऊ वैजू. काकांनी त्याला चकलांब्याहून 'बहिणीवर लक्ष ठेव' म्हणून माझ्यासोबत शिकायला पाठवलंय. (लक्ष तो फक्त जेवणावर ठेवतो.) दुसरी माजलगावची तबस्सुम, आमच्यातली डोकं असलेली. तिला तिथली भाषाही थोडीफार येते.

तेवढ्यात धुकं उतरलं. असं उतरलं की स्वतःचे बूट दिसेनात. पुढच्या मुलांचा गलका थोडा वेळ ऐकू आला आणि मग एकदम बंद झाला. पक्षी नाही, कुत्रं नाही, वारासुद्धा नाही.

"मागं फिरू," तबस्सुम म्हणाली.

"घाबरायचं काय त्यात? मुडदे चिरणारी माणसं आपण!" मी म्हणाले. (तोवर आम्ही फक्त एक बेडूक बघितला होता, तोही बाटलीतला.) "माझ्या मागं या. मला रस्ता माहिताय."

मला रस्ता माहीत नव्हता. पण आवाज इतका ठाम निघाला की माझाही विश्वास बसला.

बरंच चालल्यावर धुक्यातून लोखंडी कुंपणं दिसायला लागली. एकाला लागून एक, छोटी छोटी, प्रत्येकाला फाटक. आत एक टेबल आणि बाकडं. माणूस मात्र एकही नाही. एक फाटक आपोआप किंचित हललं आणि कुरकुरलं.

"ढाबा हाय बे ह्यो!" वैजू खुशीत आला. "बघा की, फॅमिली सेक्शन!"

ते पटण्यासारखंच होतं. आपल्याकडे हायवेवरच्या ढाब्यांना असेच कप्पे असतात. शिवाय प्रत्येक कप्प्यात एक उंच काळा दगड, आणि दगडावर कोरलेली माणसं. पूर्ण उंचीची, सूटबूट घातलेली, समोर रोखून बघणारी. बीड जिल्ह्यातल्या माणसाला चौकाचौकात डोक्यावरून बघणाऱ्या फ्लेक्सची इतकी सवय असते, की आम्हाला त्यात वावगं काहीच दिसलं नाही.

"मालकाचा फ्लेक्स हाय," मी समजावून सांगितलं. "इकडं दगडावर करतात. पावसात खराब होत नाही."

एका कप्प्यात तर टेबल मांडूनच ठेवलेलं होतं! कोमट पाव, चीज, लाल रंगाचं काहीतरी भरलेले ग्लास, एक पेटलेली मेणबत्ती, आणि अक्रोडाचं सारण घातलेलं वांगं. परमुलखात भरलं वांगं! वैजूच्या डोळ्यांत पाणी तरळलं. मागच्या दगडावर मिशीवाले मालक आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या मालकीणबाई आमच्याकडे बघत होत्या. वेटरला हाका मारल्या. आमच्या हाका धुक्यात शिरल्या आणि तिकडेच राहिल्या. मग आम्ही बसलो आणि जेवलो. तबस्सुमनं वांगं खाल्लं, ग्लासाला हात लावला नाही. मी सरबत समजून एक घोट घेतला आणि ते सरबत नव्हतं.

शेवटचा पावाचा तुकडा उरला असताना आईचा व्हिडिओ कॉल आला. समोर आई दुकानाच्या गल्ल्यावर, मागे साखरेची पोती.

"कुठं हायस गं? लई धुरकट दिसायलंय."

"हॉटेलात जेवतोय, आई."

"आन् तुज्या मागं ती दोघं कोण हायती?"

"मालक-मालकीण आहेत."

आई फोनच्या जवळ आली. आणखी जवळ आली.

"मंग ती हलंनात कावून?"

मी वळून बघितलं. तबस्सुमनंही बघितलं. ती उठली, दगडाजवळ गेली, खालची अक्षरं वाचली, मग पायाखालचा लांबट उंचवटा बघितला. परत आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"नंदे, हलू नको. कबर हाय ही. सगळ्या कबरीच हायत गं."

मी सभोवार बघितलं. धुकं जरा विरळ झालं होतं आणि टेकडीभर काळे दगड उभे होते. प्रत्येक दगडावर कुणीतरी, आणि प्रत्येकाची नजर आमच्या टेबलावर! माझ्या पोटातलं वांगं गार पडलं.

"मेलेल्या माणसाचा निवद खाल्ला?" आईचा आवाज टिपेला गेला. "कावळा शिवायच्या आदी?"

'काव' असा आवाज आला.

कावळा दगडावर, मिशीवाल्याच्या डोक्याच्या बरोबर वर बसला होता. डोकं काळं, पंख काळे, आणि अंग राखेच्या रंगाचं! असा कावळा मी जन्मात बघितला नव्हता.

"ह्यो कावळाच हाय ना बे?" वैजूनं विचारलं.

"तुकडा ठिवा टेबलावर!" आईनं हुकूम सोडला. "मागं सरा. शिवला तर ठीक, न्हाई तर नंदे, उद्याच्या उद्या घरी! मेलेला माणूस मागं लागलेली पोर मी तिकडं ठिवणार न्हाई."

म्हणजे माझी डॉक्टरकी आता एका कावळ्याच्या चोचीत होती. रडायला आलं होतं, पण आईसमोर रडले असते तर लगेच तिकीट निघालं असतं.

कावळा टेबलावर उतरला. तुकड्याकडे बघितलं आणि पाठ फिरवून बसला.

"इच्छा ऱ्हायलीय त्याची," आई म्हणाली. "शब्द द्या काई तरी."

वैजूनं दगडातल्या मालकांपुढे हात जोडले. "काका, चुकलं. तुमच्या लेकराबाळांचं आमी बघू."

कावळा हलला नाही.

"तुमच्या शेताची वाटणी भांडणाबिगर हुईल!"

कावळ्यानं पंख खाजवला.

"वहिनी, पोरीचं लगीन ऱ्हायलं आसंल म्हणावं," दुकानातलं एक गिऱ्हाईक फोनमध्ये डोकावून म्हणालं. आता चौसाळ्यात गर्दी जमली होती.

"काका, तुमच्या पोरीचं लग्न मी लावून देते!" मी ओरडले. त्यांना पोरगी आहे की नाही हे मला कुठं माहीत होतं!

तेवढ्यात फाटक कुरकुरलं. धुक्यातून एक बाई आली. काळे कपडे, डोक्याला रुमाल. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग दगडाकडे बघितलं, मग परत तिच्याकडे. तीच! दगडातली!

मी किंकाळी फोडली. फोन टेबलावर पडला. वैजू टेबलाखाली गेला, आणि भूतबित न मानणाऱ्या मी आधाराला सापडलं त्याला घट्ट मिठी मारली. डोळे उघडले तेव्हा कळलं की मी मिशीवाल्या मालकांच्या गळ्यात पडले होते.

"गामारजोबा," तबस्सुम म्हणाली. म्हणजे नमस्कार. बाई तिच्याशी हळूहळू बोलत राहिली.

"जित्ती हाय गं ती!" तबस्सुम माझ्याकडे वळली. "दगड घडवताना दोघांची चित्रं संगंच कोरून घेतली. नवरा गेलाय, ह्या अजून हायत. आज त्यांचा दिवस हाय. ताट मांडून आणखी मेणबत्त्या आणाया खाली गेलत्या."

बाईनं रिकाम्या ताटाकडे बघितलं. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं; जागाही तशी योग्यच होती. मी तोंडाला येईल त्या सगळ्या भाषांत माफी मागितली. ती रागावली नाही. तिनं माझा गाल थोपटला, आणि टेबलावर 'नंदे! नंदे!' करून ओरडणारा फोन उचलला.

मग दोन बाया बोलल्या. एक तिच्या भाषेत, एक चौसाळ्याच्या. बाईनं दगडाकडे बोट केलं, मग स्वतःकडे, मग एकच बोट वर धरलं. आईचा आवाज एकदम उतरला.

"एकल्याच ऱ्हाता व्हय बाई? मी सांगते तुमाला. माजी पोरगी शिकायला हाय तवर दर ऐतवारी तुमच्याकडं यील. भाकरी करून घालील. तुमच्या मालकापुडं निवद ठिवील. शब्द हाय माजा!"

कावळा वळला, एक उडी मारली, तुकडा उचलला आणि धुक्यात गेला.

"शिवला!" अख्खं दुकान ओरडलं.

त्यानंतर मला घरी बोलवायचा विषयच निघालेला नाही. माजलगावच्या स्थळवाल्यांना आईनंच कळवलं, की पोरीचा शब्द वर गेलेल्या माणसापाशी अडकलाय, शिक्षण पुरं झाल्याबिगर तिला येता येणार न्हाई. ज्वारीचं पीठ येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर नेमानं येतं.

आता दर रविवारी मी त्या बाईंच्या (आता मी त्यांना आजी म्हणते) चुलीपाशी भाकरी थापते. पहिली मोडते, दुसरी करपते, तिसरीला आजी हसून 'छान' म्हणतात आणि स्वतः पाव खातात. उरलेली मी टेकडीवर नेऊन मालकांपुढे ठेवते. राखाडी कावळा येतो, भाकरीकडे नीट बघतो आणि पाठ फिरवतो. मालकांची कुठलीच इच्छा आता राहिलेली नाही, हे आजींनी मला शपथेवर सांगितलंय.