लाल चिंधीचा दुधी

आमच्या गावात मला चिंधीवाली म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही, पण पाठीमागे म्हणतात हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणू देत. ज्या बाया म्हणतात, त्यांच्याच लेकी बाळंतपणाला माहेरी आल्या की बाळासाठी मऊ दुपटं मागायला माझ्याच दारात येतात.

आमचं घर खारबावच्या अलीकडे, आता तिन्ही बाजूंनी गोडाऊनं झालीत त्या पट्ट्यात. लोकांनी जमिनी विकल्या, बंगले बांधले, दारात गाड्या लावल्या. आम्ही घरामागचं चार गुंठ्यांचं परस तेवढं राखलं. दलाल दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला चहा पाजला, पदरभर वालाच्या शेंगा दिल्या आणि सांगितलं, "शेंगांसाठी कधी पण ये, बाबा. जमिनीसाठी येऊ नको."

माझे हे तीस वर्षं लूमवर. कान गेले त्या खडखडाटात, पण हात शाबूत आहेत. लूमवर कापडाची कड कातरून पडते, तिची लांबच लांब किनार निघते. बाकीचे कारागीर ती तुडवत जायचे आणि हे पिशवीत भरून घरी आणायचे. तिला पीळ देऊन त्यांनी दोन खाटा विणल्यात. त्यावर चार माणसं बसली तरी कुरकुरत नाहीत. चिंध्यांच्या गोधड्या मी शिवते. पायपुसणी, पिशव्या, उशांचे अभ्रे, गेल्या गणपतीचं तोरण, सगळं घरचं. भाजी परसातली. मीठ, तेल, साखर, सुका जवळा एवढं दुकानातून येतं. हे मी कोणालाही छाती पुढे काढून सांगते आणि कोणी कंजूष म्हटलं तर त्याला जेवायला बसवते. जेवल्यावर परत कोणी म्हटलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते दुधीचं.

आमचा दुधी बाजारात मिळत नाही. मान बारीक आणि एका बाजूला वळलेली, अंगावर फिकट ठिपके, चवीला गोड. बी माझ्या आईनं लग्नात ओटीत घातलेलं. दरवर्षी एक दुधी बियाणाला ठेवायचा. तो तोडायचा नाही. वेलावरच निबर होतो, मग वाळून लाकडासारखा होतो आणि हलवला की आत बी खुळखुळतं. मान कापून बी काढायचं, राखेत घोळायचं आणि त्याच रिकाम्या तुंब्यात भरून मागच्या चुलीवर टांगायचं. आईनं केलं तसंच मी केलं, एकही वर्ष न चुकता.

आणि वेलावर चिंधी बांधायची माझी एक पद्धत आहे. ज्या दुधीला लाल चिंधी, तो बियाणाचा. त्याला देवानंसुद्धा हात लावायचा नाही. पांढरी चिंधी म्हणजे तो कोणालातरी कबूल केलेला, ते माणूस दारात आलं की कापून हातात द्यायचा. चिंधी नसेल तो घरच्या भाजीचा. घरात माणसं थोडी असली तरी परसात हात सगळ्यांचे, म्हणून ही सोय. भाजी मी कोणालाही देते. बी मात्र कोणालाच नाही. "भाजी मागा, बी मागू नका," हे माझं वाक्य गावात पाठ आहे. आईचं बी फक्त माझ्याकडे, याचा मला ताठा होता. होता म्हणजे चांगलाच होता.

तीन वर्षांपूर्वी सून आली. मानकोलीची. तिचे वडील तिथल्या एका गोडाऊनवर रखवालदार, आई पॅकिंगला, राहायला गोडाऊनच्या मागची पत्र्याची खोली. पोरगी शांत, कामाला वाघीण. लग्नात मी तिला गोधडी दिली. हे पूर्वी ज्या कारखान्यात होते तिथे रंगीत लुंग्या निघायच्या, तिथली उरलीसुरली लाल चिंधी मी सगळी त्या गोधडीत घातली. मधे लाल कमळ, कडेनं लाल पट्टी. घडी करून वर एक लाल पट्टी बांधली आणि तिच्या हातात दिली. ती पोरगी गोधडीवरून हात फिरवतच राहिली. तिथेच मला ती आवडली, पण आपण लगेच बोलून दाखवतो थोडंच!

आल्या आल्या मी तिला चिंध्यांचा कायदा शिकवला. एकदा तिनं चिंधी न बघता दुधी कापला तेव्हा असं काही बोलले की पुढे ती मिरची तोडतानाही आधी चिंधी आहे का बघायची.

त्याच वर्षी चैत्रात माझी आई गेली. माहेरचं घर भावांनी पाडलं, तिथला वेल कधीच संपला होता. म्हणजे आता आईचं म्हणून जे काही होतं, ते माझ्या चुलीवरच्या तुंब्यात.

पावसाळ्यात मी बी टाकलं. पण शेजारच्या जागेवर गोडाऊनसाठी भराव पडला होता, तिकडचं सगळं पाणी आमच्या परसात शिरलं आणि आठ दिवस हटलं नाही. आळ्यांतली रोपं कुजली. उरलेलं होतं नव्हतं तेवढं बी मी कोपऱ्यातल्या उंचवट्यावर लावलं. एकच वेल जगला. त्याला मी मांडव घातला, सकाळ-संध्याकाळ त्याच्याशी बोलले. पहिला चांगला दुधी धरला तसा बियाणाला ठेवायचा ठरवला. चिंध्यांच्या गाठोड्यात हात घातला तर लाल नाही. लाल सगळी सुनेच्या गोधडीत गेलेली. यांच्या नव्या कारखान्यात नुसतं कोरं पांढरं कापड. म्हटलं, जाऊ दे, एकच तर दुधी आहे, कोण चुकणार? आणि पांढरी चिंधी बांधली. कोणाला सांगितलं नाही. तेवढीच माझी अक्कल.

भाद्रपदात मी डोळे दाखवायला भिवंडीत गेले. दुपारी परत येऊन सवयीनं आधी परसात गेले, तर मांडवाखाली नुसता देठ.

सून हसत आली. "आई, शेजारच्या काकी आल्या व्हत्या. पांढऱ्या चिंधीचा दुधी दिला त्यांना."

मी धावतच शेजारी गेले. काकींनी किसून हलवा केला होता. वर काजू लावलेले. "बरं झालं बाई दिलास," म्हणाल्या. बी टोपलीत टाकलेलं, हातात घेतलं तर मऊ, अजून दुधात. त्याचं काही उगवणार नव्हतं. वेलावर दुसरं फळ नव्हतं आणि वेलाची पानं पिवळी पडत चाललेली.

घरी आले ती वीज पडावी तशी सुनेवर पडले. काय काय बोलले ते सगळं लिहायची मला आज लाज वाटते. एक लिहिते, कारण ते लपवलं तर ही गोष्ट खोटी होईल. मी म्हणाले, "पत्र्याच्या डबड्यात वाढलेल्यांना वेलाचं काय कळणार? तुझ्या आयनं कधी एक रोप तरी लावलंय का?"

ती ओठ दाबून उभी राहिली. मधेच एकदा तोंड उघडलं, परत मिटलं आणि आत गेली.

हे खाटेवर बसून किनार वळत होते. यांना ऐकू येत नाही असं आपण समजतो, पण नको ते बरोबर येतं. म्हणाले, "चिंधी कुणी बांधली व्हती?"

"मी."

"कसली?"

"पांढरी."

"मग पोरीनं तू शिकवलं तेच केलं ना?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. खरं म्हणजे तेव्हाच उठून आत जायला हवं होतं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला हवा होता. पण माझी जित्याची खोड. चूक कळते लगेच, पाय मात्र उचलत नाही. रात्रीचं जेवले नाही आणि त्यालाच मी माफी समजले.

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी सून माझ्यासमोर उभी राहिली. "आई, मला मानकोलीला जायचंय. तुम्ही पण चला."

मी मनात म्हटलं, झालं, आता आईसमोर पंचायत बसवणार. पण मी बोलले होते आणि बोललेलं ऐकून घ्यायची तयारी पाहिजेच. लुगडं बदललं आणि निघाले. रिक्षात आम्ही दोघी शेजारी बसून दोन बाजूंना बघत होतो. एकामागून एक कंटेनर जात होते, नाकातोंडात धूळ.

गोडाऊनच्या मागे वळलो आणि मी जागच्या जागी थांबले.

त्या पत्र्याच्या खोलीवर वेल चढला होता. खाली रंगाच्या दोन मोठ्या बादल्या, त्यातून वर काढलेला, पॅकिंगच्या प्लास्टिकच्या पट्ट्या ताणून त्यावर सोडलेला. सगळं छप्पर हिरवं. आणि पत्र्याच्या कडेला दोन दुधी लोंबत होते. मान बारीक, एका बाजूला वळलेली. अंगावर फिकट ठिपके.

दोघांच्याही देठाला लाल चिंधी.

चिंधी मी लगेच ओळखली. गोधडीच्या घडीवर मी बांधलेली ती पट्टी, उभी फाडून दोन केलेली.

विहीणबाई बाहेर आल्या. हात ओले, तेच जोडले. मला बोलायची संधीच दिली नाही त्यांनी. "विहीणबाई, रागावू नका. मला वेलाची लई हौस, गावचं शेत सुटल्यापास्नं हात शिवशिवतात. पोरीनं तुमच्या तुंब्यातल्या चार बिया न विचारता आणल्या. मला मागून कळलं. तवर उगवल्या व्हत्या, उपटवल्या न्हाय. म्हनलं, चोरीचं खायचं न्हाय. धा-बारा दुधी धरले. दोन बियाणाला राखले आणि बाकीचे आल्यागेल्याला दिले. आम्ही घरात एक पण शिजवला न्हाय. बी वाळलं की तुमचं तुम्हाला आणून देणार व्हते."

मी सुनेकडे बघितलं. परवा तोंड उघडून मिटलं होतं, ते यासाठी. सांगितलं असतं तर चोर ठरली असती, म्हणून माझे सगळे शब्द तिनं मुकाट्यानं घेतले होते. आईवरचे सुद्धा.

"मागायचं ना, गो," मी म्हणाले.

तिनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यात बघितलं. "मागितलं असतं तर दिलं असतं तुम्ही?"

खोटं बोलायची मला सवय नाही. "न्हाय," मी म्हणाले. "दिलं नसतं."

आणि मग मला रडू फुटलं. भर दुपारी, त्या ट्रकवाल्यांच्या समोर, हमसून हमसून. माझ्या आईनं हे बी लेकीच्या ओटीत घालून घराबाहेर पाठवलं म्हणून तर ते माझ्याकडे आलं होतं. मी ते तुंब्यात कोंडून बसले आणि ह्या पोरीनं चार बिया उचलल्या, म्हणून माझ्या आईचा वेल जगला. मी त्या दोघींना हेच सांगितलं, शब्दाला शब्द. परवा बोलले ते चुकलं, हेही सांगितलं. डबडं म्हणाले होते, ते विहीणबाईंना माहीत नव्हतं. तेही मीच सांगितलं. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "डबडंच हाय की ओ! उन्हाळ्यात या, भाकरी भाजून निघते आत." मग आम्ही तिघी हसलो.

दुधी तिथेच राहू दिले. पौषात ते वाळून खुळखुळायला लागले तेव्हा विहीणबाई दोन्ही घेऊन आल्या. मी एकाचं बी माझ्याकडे ठेवलं आणि दुसरा तुंबा बियांसकट त्यांच्या हातात परत दिला. उघड्यावर, अंगणात, शेजारच्या काकींच्या देखत. काकींनी लगेच हात पुढे केला, तेव्हा त्यांनाही चार बिया दिल्या. त्यांनी बंगल्याच्या गच्चीवर लावल्यात. आता माझ्याइतक्याच मिरवतात. माझ्यासारखा मांडव मात्र त्यांना अजून जमत नाही, हेही इथे सांगून ठेवते.

पुढच्या पावसाळ्यात आमचं परस पुन्हा वेलांनी भरलं. लाल चिंधीची सोय सुनेनं केली, आपल्या लग्नातल्या फाटक्या परकराचा लाल काठ उसवून. पहिला दुधी धरला तेव्हा त्याला मी स्वतः पांढरी चिंधी बांधली आणि ह्या वेळी घरातल्या प्रत्येकाला मोठ्यानं ओरडून सांगितलं, यांनाही.

तो कोवळा असतानाच विहीणबाईंना बोलावून घेतलं. त्या परसात फिरल्या, मांडवाखाली थांबल्या. पोरीनं त्यांना कायदा सांगितलेला होताच. पांढरी चिंधी बघून त्यांनी विचारलं, "हा कुणाला कबूल केलाय?"

मी त्यांच्या हातात विळा दिला. म्हटलं, "तुम्हालाच. कापा."

सुनेनं चुलीवर जवळा घालून भाजी केली, मी तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या. विहीणबाईंना यांच्या हातच्या खाटेवर बसवलं आणि त्यांनी पहिला घास घेईपर्यंत घरात कोणालाही वाढलं नाही. त्यांनी घास घेतला. बराच वेळ चावला. मग मान हलवून म्हणाल्या, "गोड हाय ओ, विहीणबाई."

मी म्हटलं, "असणारच. आपल्या घरचा हाय."