दुसऱ्या मजल्यावरचं शेवाळ

आमच्या घरी समुद्र आला तो एसटीच्या टपावरून, तेलाच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चार कॅनमधून. चिंचवडच्या स्टॉपवर ते कॅन उतरवताना हमालाने विचारलं, "रॉकेल का हो बाई?" मी म्हटलं, "नाही, समुद्राचं पाणी." त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे पाहिलं आणि ह्यांची कीव आल्यासारखी मान हलवली.

मी अलिबागच्या खालच्या, खडकाळ किनाऱ्यावरची. शाळेत नोकरी लागली म्हणून दापोडीला मावशीकडे राहायला आले आणि बसच्या रांगेत रोज भेटणाऱ्या कारखान्याच्या टूलरूममधल्या एका माणसाशी लग्न करून बसले. हे चऱ्होलीचे. घरात सासूबाई नव्हत्या. मामंजी होते आणि एक धाकटे दीर. मामंजी माळकरी. मुलाने परस्पर ठरवलेल्या लग्नाला त्यांनी हरकत घेतली नाही. अट एकच घातली, घरात मासळी शिजणार नाही. मी एका दमात हो म्हटलं. त्या वयात त्यांनी श्वास घेऊ नकोस म्हटलं असतं, तरी मी हो म्हटलं असतं. अट घरापुरती होती. पण माझा स्वभाव असा की पाळायचं तर पुरतं पाळायचं. माहेरी गेले तरी मी मासळीला हात लावेना. आई चिडायची, मी अजून हट्टाला पेटायची.

चिंचवडला कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर आम्हा चौघांना दोन खोल्या मिळाल्या. सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका मे महिन्यात हे माझ्या माहेरी आले होते, तेव्हा ओहोटीला मी त्यांना खडकातली डबकी दाखवायला नेलं. तिथे समुद्रफुलं असतात. नाव फूल, पण तो प्राणी आहे. बोटभर जाडीचा देठ दगडाला घट्ट चिकटलेला, वर जांभळट हिरव्या पाकळ्या पाण्यात हलत असतात. बोट लावलं की मिटतात. मी लहानपणी केलं तसंच करत बसले, बोट लावायचं आणि पुन्हा उमलायची वाट बघायची. हे म्हणाले, "हे घरी नेता येईल का?" मी हसले. टूलरूमच्या माणसाला हसू नये, तो मनावर घेतो.

ह्यांनी लोखंडी अँगलची चौकट जोडली, काचा बसवल्या, सांधे डांबराने भरले. खाऱ्या पाण्याने गंजू नये म्हणून चौकटीला रंगाचे तीन हात दिले. नारळाएवढ्या दगडावरचं एक समुद्रफूल, दोन पट्टेवाले चिमुकले मासे आणि थोडी वाळू अशी माझी वरात खिडकीखाली येऊन बसली. मामंजींनी सगळं निरखून पाहिलं आणि निकाल दिला, "जित्ता मासा आला तर चालंल. मेलेला न्हाई."

मामंजींनी समुद्र पाहिलेला नव्हता. ते स्टूल घेऊन त्या टाकीसमोर तासन् तास बसत. मी शाळेतून आले की विचारत, "सूनबाई, भरती आली का गं?" आणि स्वतःच खुदकन हसत. पहिलं वर्ष असं फार सुखाचं गेलं. इतकी वर्षं झाली, पण खिडकीतलं दुपारचं ऊन, त्या स्टुलावरची त्यांची पाठ आणि हवेच्या पंपाची घरघर आठवली की अजून जीव त्या खोलीत जाऊन बसतो.

दुसऱ्या वर्षी शेवाळ आलं. आधी काचेवर हिरवट साय धरली. मग दगडांवर केस वाढले, लांब, बुळबुळीत, हिरवे. रविवारी मी दाढीच्या ब्लेडने काच खरवडायची, जुन्या टूथब्रशने दगड घासायची. बुधवारपर्यंत पुन्हा हिरवंगार. खिडकीच्या बाजूला काळा कागद लावला, ट्यूब लावणं बंद केलं. शेवाळ थोडं दमलं, पण हटलं नाही. त्या केसांनी समुद्रफुलाला वेढलं आणि ते मिटू लागलं. आधी दुपारी मिटायचं, मग दिवसभर. शेवटी शर्टाच्या गुंडीएवढं झालं.

मला रडू फुटायचं. शाळा, भाकऱ्या, कपडे ह्यांत मी पक्की चिंचवडची झाले होते. माहेरचं म्हणून माझ्याकडे हेच एक जिवंत उरलं होतं. ते मेलं तर मी पुन्हा दुसरं आणणार नव्हते, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

ह्यांनी कंपनीतला उपाय काढला. कूलिंग टॉवरच्या पाण्यात शेवाळ धरलं की तिथे मोरचूद टाकतात. "चिमूटभर टाकू, दोन दिवसांत साफ." मी थांबवलं आणि बाबांना पत्र टाकलं. बाबा गावच्या शाळेत मास्तर. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं : "मोरचुदाने शेवाळाआधी तुझं समुद्रफूल मरेल. आपल्याकडे कोळणी ज्या डबक्यात मासे धुतात, तिथेच शेवाळ माजतं, शेजारची डबकी स्वच्छ असतात, हे तू विसरलीस का? शेवाळाला कोणी तरी जेवू घालतंय. कोण, ते आधी बघ."

मी सगळ्यांवर संशय घेतला. दीर टाकीत हात धुतात की काय, म्हणून त्यांच्यावर पाळत ठेवली. ते बिचारे माझ्याकडे बघून घाबरायला लागले.

एके दिवशी शाळा अर्ध्यावर सुटली. मी दाराशी आले तर मामंजी स्टुलावर बसलेले, मांडीवर पितळी ताटली, आणि ते ज्वारीची भाकरी चुरून चुरून पाण्यात सोडत होते. "घ्या बाबांनो, सावकाश घ्या," असं माशांना म्हणत होते.

ती गोग्रासाची ताटली होती. चऱ्होलीच्या घरात जेवायला बसलं की पहिला घास गाईचा. तिथे गाय दाराशीच होती. चिंचवडला आल्यावरही मामंजींनी ती रीत सोडली नव्हती. जेवणारा प्रत्येकजण त्या ताटलीत पहिला घास ठेवी. कॉलनीत एक गाय फिरायची, मामंजी खाली जाऊन तिला घालतात असं मी धरून चालले होते. पण त्यांचे गुडघे धरले होते, दोन जिने उतरवत नव्हते. दाराशी दुसरा मुका जीव होता, तो घास त्यांनी त्याला दिला. आणि आमचं घर शिफ्टचं. हे फर्स्टला, तर दीर सेकंडला, पुढच्या आठवड्यात उलट. दिवसभर कोणी ना कोणी पानावर असायचंच. तेवढे घास पाण्यात जात होते, कुजत होते आणि त्यावर शेवाळ पोसलं जात होतं. त्यात रोज माझाही घास होता.

हे सगळं मला नंतर उमगलं. त्या क्षणी मी दारातूनच ओरडले, "मामंजी, हा समुद्र आहे, गोठा नाही! जीव घेतलात तुम्ही त्याचा!"

त्यांनी धोतराला हात पुसले. "उपाशी ऱ्हाऊ नगं म्हून दिलं," ते म्हणाले. "लांबून आल्यालं हाय ना."

दुसऱ्या दिवसापासून ते ताटली घेऊन खाली जायला लागले. दोन्ही जिने. काठीचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. टाकीसमोरचं स्टूल त्यांनी गॅलरीत नेलं आणि समुद्राकडे पाठ करून बसायला लागले. भरतीचं विचारणं बंद झालं. मी माफी मागायला हवी होती. पण माझा राग येतो चुटकीसरशी आणि उतरताना गावोगावी थांबतो.

मी पाण्याच्या मागे लागले. नळीने तळाचा गाळ ओढून काढला. ह्यांनी दोन खेपा करून नवे कॅन आणले. बाबांनी डब्यातून शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी पाठवल्या. माशांना आता दिवसाआड चिमूटभरच खाणं. महिन्याभरात शेवाळाची पकड सुटली, हाताने ओढलं की झुबक्याने निघून यायचं. दोन महिन्यांत काच इतकी स्वच्छ झाली की मासे माझ्याकडे बघतात असं वाटायचं.

समुद्रफूल मात्र मिटलेलंच. बाबांचं दुसरं पत्र आलं : "ते फार दिवस उपाशी आहे. भाकरी त्याला पचत नाही. कोळंबीचा तुकडा दे. उशीर करू नकोस."

मी पत्र घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवलं. ह्यांना सांगितलं असतं तर ते वडिलांशी वाद घालून मोकळे झाले असते, आणि ते मला नको होतं. पाच-सहा दिवस मी नुसती त्या गुंडीकडे बघत राहिले.

एका सकाळी मामंजी गॅलरीतून उठून टाकीशी आले. "ह्ये अजून मिटल्यालंच?"

"हो."

"खातं तरी काय ह्ये?"

"कोळंबी," मी म्हटलं.

त्यांनी काठी घेतली, पायात वहाणा सरकवल्या आणि जिना उतरले. दीड-दोन तासांनी परत आले ते घामाघूम होऊन. पिंपरीच्या बाजारात गेले होते. वर्तमानपत्राची सुतळीने बांधलेली पुडी त्यांनी अंगापासून हातभर लांब धरली होती. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "सोलायची कशी त्ये मला ठावं न्हाई," म्हणाले.

"मामंजी, तुमची माळ..."

"माळ माझ्या गळ्यात हाय, ह्येच्या न्हाई."

मी जिन्यावर बसून कोळंबी सोलली. इतक्या वर्षांनीही हाताला सगळं ठाऊक होतं. डोकं मोडायचं, पाठीवरून दोरा ओढायचा, साल एका झटक्यात काढायची. तो वास आला आणि मला भूक लागली, सरळ पोटातून. तुकडा घेऊन मी टाकीकडे वळले, तर मामंजींनी तळवा पुढे केला. "दे हिकडं. घोळ म्याच घातला."

आयुष्यात त्यांनी मासळीला बोट लावलं नव्हतं. बाही वर सारून त्यांनी हात पाण्यात घातला आणि तुकडा त्या गुंडीवर टेकवला. काहीच झालं नाही. त्यांनी हात काढला नाही. कोपरापर्यंत भिजलेला हात तसाच धरून ते वाकून उभे राहिले. खूप वेळाने एक पाकळी बाहेर आली, मग दुसरी, आणि तिघी-चौघींनी मिळून तो तुकडा आत ओढून घेतला.

"खाल्लं!" मी मोठ्याने म्हटलं आणि रडायलाच लागले.

मामंजी मोरीत जाऊन साबणाने तीनदा हात धुऊन आले. मग टाकीकडे न बघता माझ्या हातांकडे बघत राहिले. माझ्या बोटांना अजून सालं चिकटलेली होती.

"किती वर्सं झाली तुला?"

"कशाला?"

"ह्ये खाऊन."

"सात," मी म्हटलं.

"म्या अट घातली. तुला काय वाटतंय त्ये कवा इचारलंच न्हाई. आता इचारतो. खावंसं वाटतं का गं?"

पुडीत आठ-दहा कोळंब्या उरल्या होत्या. स्टोव्ह दोन पावलांवर होता.

"नाही मामंजी," मी म्हटलं, "सवय गेली."

साफ खोटं. हट्ट होता, संकोच होता, काय होतं कोण जाणे. त्यांनी मान डोलावली आणि उरलेल्या कोळंब्या खाली मांजरीला घालून आले. समुद्रफूल त्यानंतर चार वर्षं जगलं, मामंजी दोन. त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. त्या दिवशी मी हो म्हणायला हवं होतं.