चार आकडे आणि एक कोकरू

टपरीवर आम्ही तीन-चार जुने बँकवाले जमलो की पहिला चहा गुडघेदुखीवर जातो, दुसरा पेन्शनवर. तिसऱ्याला कुणीतरी म्हणतंच, "पाठक, ते पोरांच्या कार्डाचं सांग बे." ऐकणाऱ्यांना सगळं पाठ आहे, तरी मी सांगतो. तीस वर्षं ज्या फायली जिवापाड जपल्या त्या रद्दीत गेल्या, आणि जे जपायचं कधी डोक्यात आलं नाही तेच शिल्लक राहिलं.

एक आधीच कबूल करतो. या सगळ्या किश्शांत मी चुकीच्या बाजूला उभा आहे.

*

परळीच्या आमच्या शाखेबाहेर एटीएम बसलं ते दिवस. लोक चपला बाहेर काढून आत जायचे. दारावर शेख चाचा वॉचमन. पहिल्या महिन्यात पैसे काढणारे कमी आणि एसीची थंड हवा खाणारे जास्त, त्यामुळे चाचांचं अर्धं काम माणसं बाहेर काढणं हेच होतं.

अशात हेड ऑफिसचं सर्क्युलर आलं: दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना स्वतःच्या नावाचं कार्ड द्या. फॉर्मवर पालकाची सही किंवा अंगठा, दिवसाला पाचशेच्या वर निघणार नाही.

मी सरळ सांगितलं, "साहेब, हे माकडाच्या हाती कोलीत आहे. मोठ्यांना अजून मशीन कळेना."

आमचे मॅनेजर मठपती साहेब. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आवाज कधी चढलेला नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मोठ्यांना कळेना म्हणूनच पोरांना द्यायचं. फॉर्म मागवा पाठक."

*

पहिलं कार्ड सिरसाळ्याच्या एका आडत्याच्या मुलाला दिलं. मुलाचं नाव शिवलिंग, वय चौदा. महिनाभर मशीन चालवून झालं आणि दिवाळी आली.

दिवाळीनंतर आडत्या तणतणत माझ्या टेबलाशी आला आणि कार्ड समोर आपटलं. कार्ड पिवळंधमक झालं होतं. मागच्या काळ्या पट्टीवर कुंकू, आणि त्यावर तांदळाचे दोन दाणे घट्ट चिकटलेले. लक्ष्मीपूजनाला चोपड्यांच्या शेजारी मांडून, पंचामृतानं न्हाऊ घालून त्याची साग्रसंगीत पूजा झाली होती.

"पूजा केलेली चीज चालंना म्हंजे काय साहेब? आमचा काटा चालतो, चोपडी चालती. तुमचंच मशीन कावून नडतंय?"

मी तोंड उघडायच्या आत मागून शिवलिंग हळूच म्हणाला, "मी म्हनलं होतं अप्पांना, कार्डाची नका, मशीनची करा."

नवीन कार्ड आलं. पुढच्या दिवाळीनंतर आडत्या पेढे घेऊन आला. यंदा पूजा झाली तरी कार्ड ठणठणीत चालतंय, म्हणून खूश होता. मी शिवलिंगला बाजूला घेऊन विचारलं.

"अप्पांनी पूजा पाकिटाची केली. पाकीट बंद होतं, कार्ड माझ्या भूगोलाच्या पुस्तकात होतं."

*

कालिंदा आली ती बापाच्या मागून. बाप मेंढपाळ, धर्मापुरीकडचा. खांद्यावर घोंगडी आणि काखेत एक आजारी कोकरू. ते आत आणायचं की नाही यावर चाचांची आणि त्याची बरीच हुज्जत झाली. शेवटी कोकरू आमच्या पायरीशी बांधलं गेलं.

पोर पंधराची, नववी पास, परळीतच मुलींच्या होस्टेलात. बाप थेट मठपती साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"साहेब, मी आठ म्हैने मेंढरांमागं ऱ्हातो. आज हितं तर उद्या नांदेडकडं. माघारी माझा भाऊ घर बघतो. त्यो म्हनतो पोरीच्या डोक्यात शिकलेलं ऱ्हात न्हाई, उजवून टाकू. मी म्हनलं शिकू दे. हे पैसं शाळंचं हायत. हिच्याच हातात ऱ्हाऊ द्या."

साहेबांनी अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे सरकवलं.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. तोवर बाप निघालेला नव्हता, कोकराचं औषधपाणी अजून सुरूच होतं. बापलेक आणि कोकरू तिघंही आले. मी पिनचं पाकीट हातात देऊन माझं ठरलेलं भाषण केलं, "नंबर पाठ कर आणि कागद नष्ट करून टाक. कुणाच्या हाती लागू देऊ नकोस."

पोरीनं पाकीट फोडलं, एकदा पाहिलं, पायऱ्या उतरली आणि कागद कोकराच्या तोंडापुढे धरला. कोकरानं तो चावून खाल्ला. बरं झालं होतं म्हणायचं.

मी दारातून ओरडलो, "अगं, विसरलीस तर?"

"सव्वाशे मेंढरं तोंडानं वळखते मी साहेब. चार आकडे काय मोठे?"

टेबलाशी परत येताना मी काहीतरी पुटपुटलो. खरं तर मला ती तेव्हाच आवडली होती, पण ते मान्य करायला मला वर्ष लागलं.

*

त्या काळी परळीत कार्ड घेणारं दुकान नव्हतं. तरी पोरांनी त्याचा व्यवहार काढलाच.

स्टेशनकडे एक भाड्याच्या सायकलींचा दुकानदार होता. तासाला सायकल न्यायची तर काहीतरी तारण ठेवावं लागायचं. घड्याळ, पट्टा, शाळेचं दप्तर, काहीही. एक दिवस मी तिथून जात होतो आणि माझे पायच थबकले. भिंतीवर ओळीनं खिळे, आणि सहा खिळ्यांवर भोक पाडलेल्या प्लास्टिकच्या थैल्यांत आमच्या बँकेची सहा कार्डं टांगलेली!

मी तसाच साहेबांना घेऊन आलो. दुकानदार पंप मारता मारता म्हणाला, "घड्याळापरीस हे बरं हाय साहेब. बंद पडत न्हाई, आन् पोरगं माघारी येतंच."

तेवढ्यात कालिंदा सायकल घेऊन परत आली. मेसवाल्या बाईंची गव्हाची पिशवी गिरणीवरून दळून आणली होती. मी तिच्यावर उखडलो. कार्ड असं कुणाच्याही भिंतीवर टांगतात का, वगैरे सगळं ऐकवलं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि खिळ्यावरचं कार्ड काढलं. "नंबर माझ्या डोक्यात हाय. खिळ्यावर नुसतं पलास्टिक हाय."

मठपती साहेब परतीच्या वाटेवर बराच वेळ हसत होते. मला म्हणाले, "ट्रेनिंगला आपल्या दोघांऐवजी हिला पाठवायला पाहिजे होतं."

*

गणिताचे एक मास्तर होते. मुलाच्या कार्डाचा नंबर मुलगा सांगेना, म्हणून मास्तर चिडले. आपण गणिताचे, चार आकडे काढता येणार नाहीत म्हणजे काय! मुलगा झोपलेला असताना कार्ड उचललं आणि सकाळी मशीनवर आले. आधी मुलाचं जन्मसाल टाकून पाहिलं, मग स्वतःचं, शेवटी बायकोचं. तिसऱ्या चुकीला मशीननं कार्ड गिळलं.

मास्तर काउंटरवर आले ते घामाघूम. मी नियम वाचून दाखवला: तीनदा नंबर चुकला की कार्ड आत जातं आणि मुलाचं खातं थांबतं. मग फॉर्मवर ज्या पालकाची सही आहे, त्यानं स्वतः शाखेत यायचं.

मास्तरांनी खाली मान घालून कबूल केलं की सही बायकोची आहे. संध्याकाळी बाई आल्या. त्या मास्तरांना काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही.

मास्तर गेले तेव्हा रांगेत मागे कालिंदा उभी होती. पासबुकात नोंद करून घ्यायला आली होती.

"साहेब, ज्याचा अंगठा हाय त्योच यावा लागतो? दुसरं कुनी चालत न्हाई?"

"नाही चालत. साक्षात ब्रह्मदेव आला तरी नाही. पासबुक दे इकडे."

*

आता शेवटचा. तिसरा चहा या किश्शासाठीच असतो.

कालिंदाची दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. एरवी ती महिन्यातून एकदा मशीनवर यायची. त्या आठवड्यात लागोपाठ तीन दिवस आली आणि तिन्ही दिवस पुरते पाचशे काढले. मी यादी घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. "बघा. शेवटी चटक लागलीच."

साहेबांनी होस्टेलला फोन लावला. पोरीनं परीक्षा संपेपर्यंतचे मेसचे पैसे आगाऊ भरून टाकले होते. मी यादी घडी करून खिशात घातली. तरी एवढी घाई कशाची, ते मला कळलं नाही.

शनिवारी ती चुलत्याबरोबर आली. पुढचं मशीनच्या दारात उभ्या असलेल्या शेख चाचांनी सांगितलेलं. चुलता म्हणत होता, "सोयरीक जमलीय. परवा सुपारी फोडायची हाय. तुज्या बापाला मी सांगतो नंतर. आधी त्या खर्चाला पैसं काढून दाव, मग नंबर सांग आन् कार्ड माझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

कालिंदानं कार्ड घातलं आणि नंबर दाबला. चुकला. पुन्हा दाबला. चुकला. चाचा म्हणाले, "साब, मैं बोला, बेटी ठैर जा. उसने सुनाच नै." तिसऱ्यांदा तिनं एकेक आकडा सावकाश दाबला, आणि मशीननं कार्ड गिळलं.

दोघं माझ्या काउंटरवर आले.

"मशीननं गिळलं साहेब. दुसरं द्या," चुलता म्हणाला.

मी नियम सांगितला. बापाचा अंगठा आहे, बापच यायला हवा. तोवर खातं बंद.

"त्यो नांदेडकडं हाय का कुठं, कुनाला ठाव! माघारी यायला दीड म्हैना लागंल."

"मग दीड महिना."

तीस वर्षांत नियम सांगताना मला एवढं सुख कधी झालं नव्हतं. केबिनच्या काचेआड मठपती साहेब उभे होते, हातातली फाईल उलटी धरून.

चुलत्यानं पुतणीकडे वळून पाहिलं. "सव्वाशे मेंढरं तोंडानं वळखतीस म्हनं. चार आकडे कशे इसरलीस गं?"

कालिंदानं ओढणी नीट केली.

"तुमीच तर म्हनताव तात्या, पोरीच्या डोक्यात ऱ्हात न्हाई."